बचत गटाचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला आणि बैठकीतलं बोलणं बंद पडलं. काय करावं?

बार्शीची_सचिव

नमस्कार. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात बाराजणींचा बचत गट आहे, मी त्याची सचिव. दर मंगळवारी समाजमंदिरात बैठक असते. गोल बसायचं, आधी बचत गोळा करायची, मग हप्ते, मग कुणाला कशासाठी कर्ज हवंय ते. इतिवृत्ताची वही माझ्याकडे असते, त्यामुळे फरक मला आधी दिसला. पूर्वी एका बैठकीचं इतिवृत्त दीड-दोन पानं व्हायचं. शाळेची फी आधी की शेळी आधी, मागचे हप्ते कुणाचे राहिलेत, कोण कुणासाठी शब्द टाकतंय, सगळं त्यात यायचं. आता चार ओळी आणि शेवटी "सर्वानुमते मंजूर".

कारण सगळं ग्रुपवर आधीच ठरून येतं. अध्यक्षताई रात्री दहाच्या सुमाराला टाकतात, "अमकीला २०,००० देतोय. हरकत असल्यास सांगा." खाली चार अंगठे, दोन जोडलेले हात, बाकी शांत. सकाळपर्यंत कुणी काही लिहिलं नाही की मंजूर. हप्ता थकलेल्यांची यादीही तिथंच नावानिशी लागते. एका बाईचं नाव सलग तीन-चार याद्यांत आलं, तेव्हापासून ती बैठकीलाच येत नाही.

अध्यक्षताई वाईट नाहीत, हे मुद्दाम सांगते. बँकेत साहेबांपुढे उभं राहून बोलायची हिंमत आमच्यात त्यांचीच, आणि पहिलं बँक कर्ज मिळालं ते त्यांनी घातलेल्या हेलपाट्यांमुळेच. पण आता पाचजणींनी त्यांना वगळून दुसरा ग्रुप काढलाय. मलाही त्यात घेतलंय. तिथं रोज त्यांच्यावरच बोलणं, आणि मंगळवारी समोर बसल्यावर त्याच पाचजणी गप्प.

ग्रुप बंद करावा का? की अध्यक्ष बदलावा?

ठाणेकर_ब_विंग

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून रोज भांडणं व्हायची. शेवटी कमिटीने "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील" ही सोय चालू केली. २०१८पासून ती आहेच. तेव्हापासून शांतता आहे. नोटीस येते, लोक वाचतात, विषय संपतो. निर्णय घ्यायचा असेल तर पोल टाका. कुणाला वाद घालायलाच नको.

जुनी_सहयोगिनी

ताई, ग्रुप बंद करू नका आणि अध्यक्षही इतक्यात बदलू नका. आधी एक काम करा. बाराही जणींच्या नावापुढे लिहा, ग्रुपवरचा नंबर कुणाच्या हातातल्या फोनचा आहे.

मी मराठवाड्यात महिला गटांबरोबर काम केलंय, आता निवृत्त आहे. अजूनही बायकांचे फोन येतात, आणि हा विषय निघाला की मी हेच विचारते. हमखास उत्तर येतं की एक-दोन नंबर नवऱ्यांचे, एखादा पोराचा, कुणाकडे साधा बटणांचा फोन. मग रात्री दहाला आलेला तो मेसेज वाचतंय कोण? "पैसे माझ्या हातात द्या, त्यांच्या हाती लागले तर घरात काही यायचं नाही" हे बाई गोलात बसून सांगते. नवऱ्याच्या फोनवरून ती हे लिहील का? ग्रुपवर गट दिसतो, पण तिथं बोलतंय ते घर.

दुसरी गोष्ट, "हरकत असल्यास सांगा". तुमच्या अध्यक्षांनी हे चांगल्या मनाने लिहिलं असेल, मला शंका नाही. पण हरकत घ्यायची म्हणजे शेजारणीच्या कर्जाच्या आड यायचं, तेही लेखी, आपल्या नावानिशी, ज्याचा स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत तिच्या घरी पोचेल. बैठकीत हेच कसं व्हायचं आठवा. कुणीतरी खाली बघत, अर्ध्या आवाजात म्हणायची, "द्या की तिला, पण मागचे दोन हप्ते आधी भरू द्या." पलीकडची मान डोलवायची. जिला कर्ज हवंय ती स्वतःच म्हणायची, "भरते, सुगी झाली की भरते." निर्णय झाला आणि कुणाचं कुणाशी वाकडं आलं नाही. ग्रुपवर हा अर्धा आवाज नाही. तिथं एक तर अंगठा, नाहीतर उघड विरोध. म्हणून बायका अंगठा देतात आणि मनातलं बोलायला दुसरा ग्रुप काढतात.

आता अध्यक्षांबद्दल. समूहात माणसं कशी वागतात याचा कुर्ट लेविन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने मोठा अभ्यास केला. ज्यू होता, हिटलर सत्तेवर आला त्या १९३३ साली जर्मनी सोडून अमेरिकेला गेला. तिथं आयोवात लिपिट आणि व्हाइट या सहकाऱ्यांबरोबर त्याने दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छोटे क्लब केले आणि मुखवटे बनवण्यासारखी कामं दिली. निष्कर्ष १९३९ मध्ये छापून आले. एका तऱ्हेचा म्होरक्या सगळं स्वतः ठरवून हुकूम सोडायचा, दुसरा मुलांना विचारून ठरवायचा, तिसरा नुसता बसून असायचा. हुकमाच्या क्लबात काम भरपूर निघायचं, हे कबूल करायला हवं. पण तो खोलीबाहेर गेला की मुलांचे हात थांबायचे. विचारून चालणाऱ्या क्लबात म्होरक्या बाहेर गेला तरी काम चालूच राहायचं. आणि हुकमाखालची काही मुलं, वर राग काढता येत नाही म्हणून, आपल्यातल्याच एकाच्या मागे लागायची, इतकी की लक्ष्य झालेल्या मुलाने क्लबच सोडावा.

तुम्ही लिहिलेली हप्ता थकलेली बाई वाचली आणि मला तो मुलगा आठवला. तुमच्या गटाला हीच कसोटी लावून बघा. अध्यक्षताई आषाढीला वारीला गेल्या, तर मंगळवारची बैठक होते का? होत असेल तर गट धडधाकट आहे, फक्त ठरवायची पद्धत बदलायची आहे. होत नसेल तर काम मोठं आहे.

ठाणेकर, तुमची सोय नोटीस बोर्डासाठी उत्तम. बचत गटाच्या बायका एकमेकींच्या कर्जाची जबाबदारी अंगावर घेतात, त्यांना एकमेकींचं ऐकू यायलाच हवं. "फक्त ॲडमिन" केलं तर जिचा आवाज मोठा आहे तिचाच आणखी मोठा होईल. आणि पोलमध्ये कुणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. तो अंगठाच झाला.

करायचं काय? पैशाचा कुठलाही निर्णय ग्रुपवर नाही, हा ठराव आधी बैठकीत करून घ्या. मग बैठकीत फेरी घ्या. दाराजवळ बसलेल्या बाईपासून सुरुवात, एकेकीला नावाने विचारायचं, "तुला काय वाटतं?" काही म्हणायचं नसेल तर तेही तोंडाने सांगायचं. अध्यक्ष सगळ्यात शेवटी बोलणार. हे शेवटी बोलणं सगळ्यात अवघड जातं, विशेषतः धडाडीच्या बाईला. पण अध्यक्षांनी आधी "मला वाटतं द्यावं" म्हटलं की पुढच्या अकराजणींचं उत्तर ठरूनच गेलं. पहिल्या काही बैठका फेरीला वेळ लागेल, बायका "चुलीवर दूध ठेवून आलेय" म्हणत उठू बघतील. चिकाटी सोडू नका.

थकबाकीची यादी ग्रुपवर आजच बंद करा. हप्त्याची आठवण त्या बाईला एकटीला द्यायची.

ग्रुप कशाला ठेवायचा तेही सांगते. बैठकीची वेळ, प्रशिक्षणाची तारीख, बँकेला लागणारे कागद, आणि अफवा मोडायला. २०२४च्या जुलैत लाडकी बहीण योजना सुरू झाली तेव्हा किती खरे-खोटे मेसेज फिरले ते तुम्हीही पाहिलं असेल. अफवेने काय होतं ते साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ला सगळ्या राज्याने पाहिलं. मुलं पळवणारे समजून भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच माणसांना जमावाने मारून टाकलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. गटात इतकं टोकाचं होत नाही, पण "महिलांची कर्जं माफ झाली" असा एक मेसेज आला की परतफेड महिनोन्‌महिने अडते. अशा वेळी अध्यक्षांचा मोठा आवाज कामाचा. त्यांनी बँकेत विचारून खरं काय ते ग्रुपवर टाकावं, स्वतःच्या आवाजात, म्हणजे वाचता न येणारीलाही कळेल.

शिरूरची_सून

सहयोगिनीताई, बरंचसं पटलं, पण फोनची दुसरी बाजूही सांगते. माझी चुलतसासू आमच्याच गटात आहे. त्यांच्यासमोर मी गोलात तोंड उघडणं शक्य नव्हतं, तुम्ही दाराजवळून सुरुवात करा नाहीतर खिडकीजवळून. पिठाच्या गिरणीसाठी कर्ज हवं होतं, ते मी सचिवताईंना रात्री एकटीला मेसेज करून सांगितलं. फोन नसता तर मी अजून नुसती बचत भरत बसले असते. आणि २०२०च्या टाळेबंदीत बैठका बंद होत्या, तेव्हा गटांनी मास्क शिवले, ते कापड कुणाकडे, किती नग झाले, हे सगळं ग्रुपवरच चाललं. तेव्हा आमच्याकडे सगळ्यात जास्त बोलायच्या त्या बैठकीत कधीच न बोलणाऱ्या तरुण पोरी. गोल बसलं म्हणजे सगळ्या सारख्या, असं गावात नसतं.

जुनी_सहयोगिनी

हे अगदी खरं आहे, आणि बरं झालं लिहिलंत. गोलातही सासू सासूच असते. म्हणून मी माझ्या यादीत एक भर घालते. ज्या बाईला समोर बोलता येत नाही तिने बैठकीआधी सचिवाला सांगावं, फोनवर किंवा पाणवठ्यावर, कुठंही. सचिवाने ते बैठकीत नाव न घेता मांडावं, "गिरणीसाठी कर्जाची मागणी आली आहे, आपल्या गटाला झेपेल का?" आधी कामावर चर्चा होऊ द्या, बाई कोण हे नंतर. मास्कचं उदाहरणही चांगलं आहे. काम वाटून घ्यायला फोनसारखं साधन नाही. कर्ज कुणाला द्यायचं, कुणाला थांबवायचं, हे मात्र मी समोरासमोरच ठेवीन.

बार्शीची_सचिव

मोजणी केली. सात नंबर जिचे तिचे. तिघींचे नवऱ्यांचे. एकीचा मुलाचा, तो पुण्यात कामाला असतो, म्हणजे तिला काहीच दिसत नाही. आणि एकीकडे फोनच नाही, ती ग्रुपवर कधी नव्हतीच. तिलाही आम्ही इतके दिवस "सर्वानुमते"मध्ये धरत होतो.

हा कागद घेऊन अध्यक्षताईंच्या घरी गेले. आधी चिडल्या. मग बराच वेळ कागद बघत बसल्या आणि म्हणाल्या, "मला वाटत होतं कुणाची हरकतच नाही. एकीनं तरी सांगायचं होतं." दुसऱ्या ग्रुपचं मी त्यांना सांगितलं नाही. पण त्या पाचजणींना सांगून मी तिथून बाहेर पडले, आणि जे तिथं बोलता ते मंगळवारी बोला, मी वहीत लिहीन, असंही म्हटलं. दोघी रागावल्यात.

पैशाचा निर्णय बैठकीतच, हा ठराव झाला. फेरीही घेतली. पहिल्या चौघी "सगळ्या म्हणतील ते" म्हणाल्या. पाचवी बोलली. इतिवृत्त एक पान भरलं.

आता हप्ता थकलेल्या ताईंकडे मी आणि कोषाध्यक्ष रविवारी जाणार आहोत. तिथं हप्त्याचं बोलावं की नाही?

जुनी_सहयोगिनी

तुम्ही काढू नका, तिलाच काढू द्या. वही बरोबर नेऊ नका. तिने विषय काढला तर एवढंच सांगा की हप्ता लहान करून मुदत वाढवता येते, पण ते ती समोर असतानाच ठरेल, म्हणून मंगळवारी ये. आणि अध्यक्षताईंनाही बरोबर घ्या. यादी त्यांच्या फोनवरून गेली होती, त्या दारात आलेल्या दिसल्या तर तिला यायला सोपं जाईल. काय झालं ते इथं कळवा.