मदत हवी आहे : त्रिबिंदू सहसंबंधातील ईटाचे पद कुठे हरवते?

रोहिणी : एकाच क्षेत्राच्या स्लो-रोल इन्फ्लेशनमध्ये (आरंभीच्या विश्वाच्या अतिवेगवान प्रसरणात, जिथे क्षेत्र संथपणे बदलते) झीटाच्या, म्हणजे अवकाशाच्या वक्रतेतील विचलनाच्या, क्वांटम चढउतारांचा त्रिबिंदू सहसंबंध (तीन बिंदूंवरील मूल्यांचा एकत्रित संबंध) मी तीन आठवडे काढत आहे. एक तरंगसंख्या शून्याकडे नेली की भौतिकशास्त्रज्ञ माल्दासेना यांच्या निष्कर्षाप्रमाणे गुणांक १ वजा एनएस, म्हणजेच २ एप्सिलॉन अधिक ईटा, यायला हवा (एनएस : चढउतारांची तीव्रता तरंगसंख्येनुसार कशी बदलते ते सांगणारा निर्देशांक; एप्सिलॉन : हबल दर किती संथपणे घटतो ते सांगणारा). माझ्या हाती केवळ २ एप्सिलॉन लागतो. प्रत्येक इंटिग्रल दोनदा तपासले आहे. शुक्रवारी मार्गदर्शकांना दाखवायचे आहे, तेव्हा कृपया लवकर सांगावे.

चौकस : ईटाची व्याख्या कोणती घेतली आहे? पोटेन्शियलच्या दुसऱ्या डेरिव्हेटिव्हवरून घेतली असेल, तर एनएस वजा १ म्हणजे २ ईटा वजा ६ एप्सिलॉन होते आणि तुलनाच चुकते. गेजही (निर्देशांकांची निवड) आपण लिहिलेला नाही.

रोहिणी : ईटा म्हणजे एका हबल-काळात एप्सिलॉन कितव्या हिश्शाने बदलतो तो दर. गेज अर्थातच ज्यात क्षेत्राचे विचलन शून्य असते तो.

दूरदर्शी : एवढा खटाटोप कशासाठी? प्लँक उपग्रहाच्या २०१८ च्या निष्कर्षांत स्थानिक एफएनएल (चढउतार गाउसियन वितरणापासून किती ढळतात त्याचे माप) उणे ०.९ असून त्रुटी ५.१ आहे, आपल्या सूत्रातून येतो जेमतेम ०.०१५. त्यापेक्षा डीबीआय मॉडेल (स्ट्रिंग सिद्धांतातून आलेले इन्फ्लेशनचे मॉडेल) घ्यावे, त्यात ध्वनिवेग (चढउतार पसरण्याचा वेग) कमी झाला की संकेत पुष्कळ वाढतो. मी स्वतः त्यावरच काम केले आहे.

निर्वात : मॉडेल कोणते घ्यावे, हे त्यांनी विचारलेलेच नाही. शिवाय मूल्य लहान आहे म्हणूनच ते मोलाचे आहे : स्थानिक एफएनएल १ च्या आसपास सापडला, तर नेहमीची एकक्षेत्रीय मॉडेल बाद होतील. मार्च २०२५ मध्ये सोडलेल्या स्फिअरएक्स दुर्बिणीचे एक उद्दिष्ट तेवढी अचूकता गाठणे हेच आहे.

दूरदर्शी : पण ०.०१५ कधीच दिसणार नाही, कारण स्थानिक निरीक्षकाच्या निर्देशांकांत ते पद उरतच नाही.

चौकस : तो वाद महत्त्वाचा आहे, पण त्यासाठी वेगळा धागा काढावा. रोहिणी, तिसऱ्या घाताच्या अ‍ॅक्शनमध्ये (ज्या राशीवरून गतिसमीकरण मिळते तिच्यात) गतिसमीकरणाच्या पटीत येणाऱ्या पदांचे आपण काय केलेत?

रोहिणी : गतिसमीकरण पाळले जाते, म्हणून ती शून्य धरली.

चौकस : ईटा तिथेच हरवला. ती पदे घालवण्यासाठी झीटाच्या जागी नवे चल अधिक त्याच्या वर्गाची ईटा भागिले ४ पट असे लिहावे लागते. आपण सहसंबंध काढलात तो त्या नव्या चलाचा, आणि क्षितिजाबाहेर (तरंगलांबी हबल अंतरापेक्षा मोठी झाल्यावर) स्थिर राहतो तो मूळ झीटा. वर्गाच्या पदामुळे पॉवर स्पेक्ट्रमच्या (द्विबिंदू सहसंबंधाच्या) तीन जोड्यांचे गुणाकार ईटा भागिले २ या गुणकासह मिळतात. एक तरंगसंख्या शून्याकडे नेण्याच्या आपल्या सीमेत त्यांतील दोनच जोड्या महत्त्वाच्या उरतात, म्हणून नेमका एक ईटा.

रोहिणी : बेरीज जुळली! मनापासून आभार. त्याच बदलातील डेरिव्हेटिव्ह असलेली पदे सोडली तर चालेल ना?

चौकस : चालेल, क्षितिजाबाहेर ती नाहीशी होतात. मात्र ईटा झपाट्याने बदलत असेल, तर त्याच्या डेरिव्हेटिव्हचे पद अ‍ॅक्शनमध्ये ठेवावेच लागेल.