'हान' हे एक अक्षर की तीन?

प्रश्न : कोरियन नावांची यादी साफ करतेय. 'हान' हे चौकोनी चिन्ह दिसायला एकच, पण संगणक त्याची लांबी एका फाइलीत १ सांगतो, दुसरीत ३. अहवालात मी 'एक अक्षर' लिहिलं, सहकारी म्हणतो अक्षरं तीन आहेत : ह, आ, न. मराठीत नेमकं काय म्हणावं?

प्रतिसाद : भांडण 'अक्षर' या शब्दाचं आहे. व्याकरणात वर्ण वेगळा, अक्षर वेगळं. 'क्षि'मध्ये वर्ण तीन (क्, ष्, इ) आणि अक्षर एक. शाळेत 'मुळाक्षरं' गिरवल्यामुळे आपण वर्णालाही सर्रास अक्षर म्हणतो. 'हान'चंही तसंच, वर्ण तीन, अक्षर एक. कोरियनमध्ये वर्णांना 'जामो' म्हणतात. त्यातल्या 'मो'चा अर्थ आई, आणि आपल्याकडेही वर्णांना 'मातृका' म्हणत! सेजोंग राजाने १४४३ मध्ये लिपी घडवली, १४४६ मध्ये जाहीर केली. तेव्हापासून वर्ण एका ओळीत न लिहिता चौकटीत बसवतात. 'हान'मध्ये ह डावीकडे, आ उजवीकडे, न खाली.

प्रतिसाद : वर लिहिलंय ते बरोबर, पण १ आणि ३ हे आकडे त्यातून सुटत नाहीत. संगणक वर्णही मोजत नाही आणि अक्षरही. तो संकेतांक मोजतो, म्हणजे चिन्हांना दिलेले क्रमांक. यूनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या सामाईक संकेतांक-यादीत, हांगुल (कोरियन लिपी) दोन तऱ्हांनी लिहिता येतं : अख्ख्या अक्षराला एक संकेतांक, किंवा प्रत्येक वर्णाला वेगळा. आरंभीची व्यंजनं १९, स्वर २१, शेवटची व्यंजनं २७ (शेवटी काहीच नसणं धरून २८). गुणाकार ११,१७२. एवढ्या सगळ्या अक्षरांना ४४०३२ पासून ओळीने संकेतांक दिलेत, त्यामुळे तक्ता लागत नाही, हिशेब पुरतो. शून्यापासून मोजलं तर ह अठरावा, आ शून्यावा, शेवटचा न चौथा :

(१८ × २१ + ०) × २८ + ४ + ४४०३२ = ५४६२०

हा झाला तुमचा १. दुसरी तऱ्हा म्हणजे जामो सुटे लिहिणं : ४३७०, ४४४९, ४५२३. हा ३. यूटीएफ-८ मध्ये (संकेतांक फाइलीत साठवण्याची पद्धत) पहिलं ३ बाइटचं, दुसरं ९ बाइटचं. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, शोधताना मात्र जुळत नाहीत. मॅकची जुनी फाइल व्यवस्था नावं सुटी करून ठेवायची. तीच फाइल विंडोजवर गेली की नावातले वर्ण विखुरलेले दिसत. यादी आधी एकत्रित रूपात (पहिल्या तऱ्हेत) आणा, मग मोजा.

प्रतिसाद : आता हे सोपं वाटतं. १९८७ च्या संकेतांकांच्या कोरियन मानकात, केएस सी ५६०१ मध्ये, फक्त २,३५० तयार अक्षरं होती. 'त्तोम' त्यात नव्हतं. लिपीला मान्य, संगणकाला अमान्य! त्याला पर्याय म्हणून 'जोहाप' पद्धत होती : आरंभ, स्वर, शेवट यांना प्रत्येकी ५ बिट. माझ्या मते लिपीचा स्वभाव तिलाच कळला होता. १९९६ च्या यूनिकोड २.० मध्ये पूर्ण ११,१७२ आली, पण त्यासाठी आधीची हांगुल अक्षरं जुन्या जागेवरून उठवावी लागली. तो गोंधळ असा झाला की पुढे एकदा दिलेली जागा कधीही बदलायची नाही, असा नियमच ठरला.

प्रश्नकर्ती : म्हणजे अहवालात 'एक अक्षर, तीन वर्ण' आणि लांबीच्या रकान्यात 'संकेतांक'. मराठीत हा दुहेरी प्रकार नाही ना? 'क्षि'ला तयार संकेतांक नाहीच. क, हलन्त, ष आणि वेलांटी असे चार.

प्रतिसाद : आहे की! 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतला ऱ. त्याला स्वतःचा संकेतांक आहे, २३५३. आणि र पुढे नुक्ता (अक्षराखालचं टिंब) देऊनही तोच होतो. तुमच्या यादीत कुणी 'गोऱ्हे' किंवा 'कऱ्हाडे' असेल तर एकत्रित रूपात आणताना तिथेही नजर टाका.