मदत हवी आहे: बोट हिवाळ्यात घरी ठेवायची आहे, आज संध्याकाळपर्यंत उत्तर हवंय

तळ्याकाठी
नमस्कार मंडळी, घाईत आहे. उन्हाळ्यात शेजाऱ्याकडून जुनी बोट घेतली. ती हिवाळाभर घरीच ठेवायची आहे. दिवाळीच्या गडबडीत तळ्यातून काढायलाच उशीर झाला. आज रात्री २० सांगितलंय, उद्या १८. मरीनावाला म्हणतो तीन आठवडे नंबर नाही, आणि त्याचा आकडा ऐकून बायको म्हणाली, एवढ्यात माझं भारताचं अर्धं तिकीट येतं. गुलाबी पाणी (न गोठणारं अँटिफ्रीझ) आणून इंजिनातून फिरवून झालंय. प्रश्न एवढाच की वरून निळी ताडपत्री पुरेल का, की ते पांढरं प्लास्टिक आवळून घ्यावं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा.

नागपुरी_तर्री
२० ला कसला डोंबलाचा हिवाळा? आमच्याकडे २० ला पंखा एकवर ठेवायचा की दोनवर यावरून घरात भांडणं होतात.

बेसमेंटकर
तर्रीभाऊ, फॅरेनहाइट आहे ते. म्हणजे उणे ७ सेल्सिअस. धागाकर्ते, राज्य कुठलं? बोट केवढी? इंजिन बाहेर लटकणारं की आतलं? आणि "घरी" म्हणजे गॅरेजात की अंगणात?

तळ्याकाठी
मिनेसोटा. इंजिन पेट्रोलचं आहे. बोट १९ फुटी. ताडपत्रीचं सांगा ना.

खाडीकाठ
आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. खाली ओंडके, वर झापं. प्लास्टिक थेट अंगावर गुंडाळलं की आतून घाम धरतो आणि लाकूड असो की फायबर, वास मारायला लागतो. झापांतून वारा खेळतो, म्हणून आमची जुनी माणसं तीच वापरत. इंजिन मात्र आधी गोड्या पाण्याने धुवायचं, मीठ राहिलं की संपलं. नारळी पौर्णिमेला पूजा केल्याशिवाय पाण्यात घालू नका.

तळ्याकाठी
काका, इथे तळं गोडं आहे आणि झापं मिळत नाहीत. पण वाऱ्याचं लक्षात ठेवतो.

गंजलेला_बोल्ट
ताडपत्री गेली खड्ड्यात. "गुलाबी पाणी फिरवलंय" म्हणजे नक्की काय केलंत? इंजिन कुठलं हे विचारून झालं, उत्तर "पेट्रोलचं". आउटबोर्ड असेल तर सरळ उभं सोडा, पाणी आपोआप गळून जातं, पुढचं पुढे बघू. आतलं इंजिन असेल तर ते पाणी आपण काढावं लागतं, आणि तिथे चुकलात तर वसंतात चिरलेला ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं ओतीव धूड, बघायला मिळेल. पाणी गोठताना जवळजवळ ९ टक्के फुगतं. ओतीव लोखंड फुगत नाही, फाटतं.

ट्रेलरताई
बोल्टभाऊ, जरा हळू घ्या. तळ्याकाठी, मागच्या बाजूला मोठं झाकण उघडून इंजिन दिसतं आणि पंखा असलेला पाय बाहेर असतो, असं आहे का? झाकणाखाली काय लिहिलंय ते वाचून सांगा. मी मिशिगनमध्ये आहे, ११ वर्षं हेच करते. नवरा फक्त टॉर्च धरतो.

तळ्याकाठी
हो, झाकण आहे. मर्क्रूझर ४.३, व्ही ६. वर्ष २००३. शेजारी म्हणाला होता सोपं असतं. पायाला ते रबरी कान लावले, बादलीत गुलाबी पाणी, नळी जोडली, इंजिन चालू केलं. मागून गुलाबी बाहेर यायला लागलं तसं बंद केलं. पाच मिनिटं लागली असतील. दोन कॅन संपले. झालं ना मग?

गंजलेला_बोल्ट
झालं ना! अहो इंजिन थंड होतं की गरम?

तळ्याकाठी
थंडच. आठवडाभर अंगणात उभी होती.

ट्रेलरताई
मग ऐका आणि घाबरू नका. थंड इंजिनात थर्मोस्टॅट, म्हणजे गरम झाल्यावर उघडणारी झडप, बंद असतो. तो बंद असताना बाहेरून ओढलेलं पाणी ब्लॉकमध्ये जातच नाही, वळसा घालून धुराच्या नळकांड्यातून बाहेर पडतं. तुम्हाला जे गुलाबी दिसलं ते या आडवाटेचं. ब्लॉकमध्ये अजून तळ्याचंच पाणी आहे. म्हणून आधी पाणी सोडायचे प्लग काढून सगळं गाळायचं, मग पुन्हा गुलाबी भरायचं. निदान आज गाळा. भरायचं उद्या करा.

बेसमेंटकर
मी नेहमी इंजिन आधी नळाच्या पाण्यावर चांगलं गरम करून मगच गुलाबी ओढतो. सात वर्षं काही झालं नाही. प्लग कधीच काढले नाहीत.

गंजलेला_बोल्ट
सात वर्षं काही झालं नाही, ही पद्धत नव्हे, लॉटरी आहे. थर्मोस्टॅट अर्धवट उघडला की आतल्या पाण्यात मिसळून गुलाबी पातळ होतं. कॅनवर उणे ५० लिहिलेलं असतं ना, तो आकडा पाइप फुटण्याचा आहे, तोही न मिसळलेल्या पाण्याचा. गोळ्यावाल्याच्या बर्फासारखा लगदा त्याच्या कितीतरी आधी होतो.

बेसमेंटकर
तुमच्या भाषेत सगळीच लॉटरी. माझी बोट चालते, तुमची गंजलेली आहे, नावावरून दिसतंय.

नागपुरी_तर्री
पॉपकॉर्न घेऊन बसलो.

हिशोबनीस
एक मूलभूत प्रश्न. वर्षातले चार महिने चालणारी वस्तू घेण्यापेक्षा भाड्याने का घेत नाही? तळ्यावर तासावर मिळतात. विमा, ट्रेलर, टायर, पेट्रोल, मरीना, सगळं मांडून बघा. बोटवाल्याचे आनंदाचे दिवस दोनच, घेतली तो आणि विकली तो.

तळ्याकाठी
हिशोबनीस साहेब, बोट घेऊन झालीय. पोरांना टायरवर बसवून ओढतो तेव्हा त्यांचे चेहरे बघा, मग हिशोब मांडा. असो. मी एक १०० वॉटचा बल्ब इंजिनाजवळ लटकवून ठेवला आणि वरून झाकलं तर आजची रात्र निघेल का?

ट्रेलरताई
नको! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, तळाशी साचून राहते. बंद झाकणाखाली तापलेला बल्ब म्हणजे घरात अनार लावण्यासारखं आहे. तुम्ही पाना घ्या आणि वर चढा. ब्लॉकच्या दोन्ही अंगांना खाली एकेक प्लग असतो, धुराच्या दोन्ही नळकांड्यांना एकेक, आणि पुढच्या पंपाचा जाड होज. प्लग पितळी असतील नाहीतर निळे प्लास्टिकचे. खाली डबा धरा. काढलेला प्रत्येक प्लग स्टिअरिंगजवळ पिशवीत ठेवा, म्हणजे वसंतात तो न लावता चालू करणार नाही. मी एकदा केलं होतं, पुढचं विचारू नका.

कोथरूड_एक्सप्रेस
पेट्रोलचं काय केलंत? इथेनॉलवालं असेल तर टाकी रिकामी करा. इथे आता सगळीकडे ई-२० आहे, माझ्या जुन्या स्कूटरच्या कार्बोरेटरची नळी चिकट झाली. हे सरकारचं...

बेसमेंटकर
टाकी रिकामी करू नका! रिकाम्या टाकीत हवा, हवेत ओल, ती भिंतींना धरते आणि इथेनॉल ती पिऊन घेतं. ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं, आणि इंजिन नेमकं तळाचंच ओढतं. जवळजवळ भरलेली टाकी, फुगायला थोडी जागा, त्यात पेट्रोल टिकवणारं स्टॅबिलायझर. मिनेसोटात बोटीसाठी बिनइथेनॉलचं महागडं पेट्रोल कायदेशीर मिळतं, पुढच्या वर्षी शेवटची टाकी त्याची भरा.

गंजलेला_बोल्ट
यावर मात्र बेसमेंटकरांशी सहमत. तारीख लिहून ठेवतो.

कोथरूड_एक्सप्रेस
मी सरकारबद्दल बोलत होतो.

संपादक
राजकारणासाठी दुसरा विभाग आहे. इथे बोटीवरच राहा.

नागपुरी_तर्री
पाण्यात राहा म्हणा.

तळ्याकाठी
अपडेट. डाव्या अंगाचा प्लग निघाला. पण पाणी आलंच नाही. एक थेंब नाही. म्हणजे रिकामं होतं की! उगाच घाबरवलंत.

ट्रेलरताई
रिकामं नाही. भोक बुजलंय. २००३ चं इंजिन आहे, आत गंजाचा आणि रेतीचा गाळ बसतो. कपड्याच्या हँगरची तार सरळ करून आत खुपसा, फिरवा. तोंड बाजूला ठेवा.

तळ्याकाठी
ताई!! तार घातली आणि चहाच्या गाळासारखं तपकिरी भसकन आलं, शर्टावर. अर्धी बादली भरली. गुलाबीचा मागमूस नाही. हात थरथरतायत, थंडीने की भीतीने माहीत नाही. आता उजवा अंग. प्लग स्टार्टरच्या मागे आहे आणि हलत नाहीये. साडेपाच वाजलेत, अंधार पडतोय.

गंजलेला_बोल्ट
जोर लावू नका. कडा गोल झाल्या तर ड्रिल करावं लागेल. सहा बाजूंचा सॉकेट घ्या, बारा बाजूंचा नको. गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर मुरू द्या.

तळ्याकाठी
पण रात्रीच तर २० आहे!

हिशोबनीस
गॅरेज आहे ना? गाडी बाहेर, बोट आत.

तळ्याकाठी
बसत नाही. १९ फूट बोट आणि वर ट्रेलरचा दांडा. दार लागत नाही.

हिशोबनीस
इंजिन मागे आहे ना? मग ट्रेलर मागून घाला. इंजिन आत, नाक बाहेर. दार जेवढं खाली येईल तेवढं आणा, उरलेली फट गोधड्यांनी बुजवा.

ट्रेलरताई
हिशोबनीसांना साष्टांग! घराला चिकटलेलं गॅरेज असेल तर आत शून्य सेल्सिअसच्या वर राहील एका रात्रीपुरतं. फक्त आत गॅसचा गीझर किंवा भट्टी असेल तर हे करू नका, पेट्रोलच्या वाफेचं वर सांगितलंच आहे. गीझर कुठे आहे?

तळ्याकाठी
गीझर तळघरात. करतो.

खाडीकाठ
बॅटरी काढून ठेवा. आणि सिमेंटवर ठेवू नका, जमीन चार्ज ओढते.

गंजलेला_बोल्ट
काका, ते जुन्या काळच्या खोक्यांच्या बॅटऱ्यांचं. प्लास्टिकच्या खोक्याला जमीन काही करत नाही. काढून चार्ज मात्र करा. भरलेली बॅटरी तुमच्या तिथल्या जानेवारीतही गोठत नाही, पूर्ण उतरलेली मात्र आजच्याच थंडीला गोठते.

सोसायटी_सचिव
तुमच्या वसाहतीच्या नियमांत अंगणात बोट ठेवायला परवानगी आहे का? आमच्या इथे एकाला नोटीस आली होती, तीन दिवसांत हलवा म्हणून.

तळ्याकाठी
(रात्री ९.४०) बोट आत, नाक रस्त्याकडे. आईने सोलापुराहून पाठवलेल्या दोन गोधड्या फटीत, तिला सांगू नका. बायकोची गाडी बाहेर, तिच्या काचेवर सकाळी बर्फ असेल, तो मी खरवडणार असं ठरलंय. नोटीस येऊ दे, तीन दिवस पुष्कळ झाले. गॅरेजमध्ये आत्ता ४४ आहे. तर्रीभाऊ, फॅरेनहाइट.

नागपुरी_तर्री
कळलं बा. म्हणजे ६-७. महाबळेश्वर.

बेसमेंटकर
उद्या वेळ झाला की पायातलं गिअर ऑइलही बघा. खालचा स्क्रू काढल्यावर ताकासारखं पांढरं आलं तर आत पाणी आहे, आणि ते गोठलं की पायाचं कवच फुटतं. ते मी दर वर्षी बदलतो, यात लॉटरी खेळत नाही.

तळ्याकाठी
(दुसऱ्या दिवशी) सकाळी सॉकेट लावला आणि प्लग लोण्यासारखा फिरला. तार घालून तिथूनही अर्धी बादली. नळकांडी, होज, सगळं गाळलं. मग वरून होजमधून गुलाबी ओतत गेलो, दोन्ही खालच्या भोकांतून स्वच्छ गुलाबी आलं तेव्हा प्लग लावले. चार कॅन लागले. गिअर ऑइल काळं होतं, ताक नव्हतं. पाय खाली करून ठेवलाय. बोटीच्या तळाचा प्लग काढलाय, नाक थोडं वर. बोल्टभाऊ, बेसमेंटकर, ताई, जेवायला या. हिशोबनीस साहेब, तुम्ही बोट भाड्याने घेऊन या.

आता तरी सांगा, ताडपत्री की प्लास्टिक?

ट्रेलरताई
ताडपत्री चालेल, पण मधे आडवं लाकूड टाकून छपरासारखा उतार द्या, नाहीतर बर्फ साचून खोलगट होते आणि फाटते. दोन्ही टोकांना वाऱ्याला वाट ठेवा, खाडीकाठकाका म्हणाले तशी. आणि उंदरांचं काय केलंत? सीटच्या फोममध्ये घर करतात.

तळ्याकाठी
उंदीर??