एमजीएमटीला चाली सुचल्या नाहीत, असं नव्हे

'दुसऱ्या अल्बमच्या वेळी एमजीएमटी या अमेरिकन बँडला चालीच सुचल्या नाहीत' हे मत पटलं नाही. 'किड्स' आणि 'टाइम टू प्रिटेंड' ही गाणी त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतली. २००७ च्या पहिल्या अल्बमआधी ती २००५ च्या ईपीवरही (मोजक्या गाण्यांच्या छोट्या अल्बमवर) होती. म्हणजे २०१० च्या 'काँग्रॅच्युलेशन्स' या दुसऱ्या अल्बमची तुलना आपण वर्षानुवर्षं मुरलेल्या गाण्यांशी करतोय.

निराशा माझीही झाली, पण वेगळ्या कारणानं. बारा मिनिटांच्या 'सायबेरियन ब्रेक्स'मध्ये एकेक सुरेख चाल येते, कान तिच्यावर जरा स्थिरावतो तोच ती तिथेच टाकून गाणं पुढे निघतं. फार हळहळ वाटते. शेवटचं शीर्षकगीत मात्र हेडफोन लावून पूर्ण ऐका. अखेरीस तुरळक टाळ्या वाजतात. मला त्या अजूनही ऐकवत नाहीत.