जोडीदाराला घेऊन मोठ्या डॉक्टरांकडे जाताना : आपले अनुभव लिहावेत

माझ्या यजमानांना गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग असल्याचे निदान झाले, तेव्हा धीर देणारे पुष्कळ भेटले. परंतु मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पहिल्या दिवशी नेमके काय हातात घेऊन जायचे, हे सांगणारे कोणी भेटले नाही. म्हणून हे आवाहन. नवरा किंवा बायको गंभीर आजारी असताना तज्ज्ञांपर्यंत पोहोचण्यासाठी आपण काय केले आणि काय चुकले, ते कृपया लिहावे. डॉक्टरांची नावे व औषधांच्या मात्रा लिहू नयेत. सुरुवात मी करते.

आमची बायोप्सी कोल्हापुरातच झाली होती आणि तिचा अहवाल हाती असला म्हणजे झाले, अशी माझी समजूत होती. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून आम्ही टाटा मेमोरियलला पोहोचलो, तेव्हा तिथे पॅराफिन ब्लॉक आणि स्लाइड्स मागितल्या, कारण बाहेरच्या अहवालावर न थांबता तिथले पॅथॉलॉजिस्ट तो तुकडा स्वतः पुन्हा पाहतात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तपासणीचा तुकडा. ती एवढीशी वडी इथल्या प्रयोगशाळेच्या कपाटात होती. धाकट्या दिरांनी सही करून ती ताब्यात घेतली आणि दुसऱ्या रात्रीच्या गाडीने ते स्वतः घेऊन आले. उन्हाळ्यात मेण वितळेल या धास्तीने त्यांनी ती डबी रात्रभर गार पाण्याच्या बाटलीला टेकवून धरली होती. एवढ्या उन्हाने ते वितळत नाही, हे नंतर कळले. कर्करुग्णाला उपचारांसाठी जाताना स्लीपर व थ्री-टायर एसीच्या तिकिटात पूर्ण आणि सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत मिळते, त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, हेही आम्हाला तिसऱ्या खेपेला समजले.

डॉक्टरांशी सगळे बोलणे मीच करत असे. शस्त्रक्रियेच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरांनी यांनाच विचारले, "तुम्हाला काही विचारायचे आहे का?" तोंड नीट उघडत नसल्याने यांनी माझी वही ओढून घेतली आणि लिहिले, "दुकानात गिऱ्हाइकाशी बोलता येईल का?" त्या वहीत माझे दोन पाने भरून प्रश्न होते, त्यांत हा नव्हता.

राजारामपुरी, निवृत्त बँक कर्मचारी

पत्नीचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, शहरातच होत असे. प्रत्यारोपणाच्या विचारासाठी मात्र आम्ही पुण्याच्या नेफ्रॉलॉजिस्टकडे, म्हणजे मूत्रपिंडाच्या तज्ज्ञांकडे, जात होतो. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार पती-पत्नी जवळचे नातेवाईक ठरतात, त्यामुळे मूत्रपिंड देण्याची माझी तयारी होती. तिचा रक्तगट ओ, माझा बी. "तीस वर्षं काही जुळलं नाही, आता रक्त कुठलं जुळतंय!" असे ती म्हणाली आणि डॉक्टरांच्या खोलीबाहेर आम्ही दोघेही बराच वेळ हसत बसलो.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आले आणि पुण्याची ठरलेली भेट बुडाली. ती पुढे ढकलता आली. डायलिसिस ढकलता येत नाही. आमच्या सेंटरचा रस्ताच बंद झाला होता. टेक्निशियनने फोनवर सांगितले, की केळी, नारळपाणी, टोमॅटो पूर्ण बंद, कारण रक्तात पोटॅशियम साचते, आणि पाणी मोजूनच प्यायला द्या. बाहेर निम्मे शहर पाण्यात आणि घरात मी तिला वाटीने मोजून पाणी देत होतो. दुसऱ्या एका सेंटरने अखेर रात्री अकराची पाळी दिली, पण आधी कावीळ बी, कावीळ सी व एचआयव्हीचे अलीकडचे अहवाल मागितले, कारण रुग्णाला कोणत्या यंत्रावर घ्यायचे ते त्यांवरून ठरते. अहवाल घरात होते म्हणून निभावले. तेव्हापासून दर जूनमध्ये त्यांच्या प्रती मी दुसऱ्या सेंटरला आधीच देऊन ठेवतो.

कागल, शिक्षिका

थोडक्यात लिहिते. यजमानांच्या हृदयाची शस्त्रक्रिया आधीपासून ठरलेली होती. सरकारी खर्चाने उपचार देणाऱ्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची मंजुरी अशा शस्त्रक्रियेपूर्वी घ्यावी लागते आणि त्यासाठी रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, बसलेले असतात. मी त्यांच्याकडे गेले ती घरी सोडण्याच्या दिवशी. रेशनकार्ड पहिल्या दिवसापासून माझ्या पर्समध्ये होते.

मंगळवार पेठ

माझा अनुभव न जाण्याचा आहे. पत्नीचा अंडाशयाचा कर्करोग दुसऱ्यांदा उलटल्यावर, दोन तज्ज्ञांचे मत एकच असूनही, मुलाने तिसऱ्या मतासाठी चेन्नईची तिकिटे काढली. माझाही आग्रह होता, कारण काहीतरी करत राहिले की मला बरे वाटे. तिने फाईलची पिशवी माझ्या हातून घेऊन कपाटात ठेवली आणि म्हणाली, "अहो, आता मला गाडीत बसवू नका." मी दोन दिवस तिच्याशी नीट बोललो नाही, हे लिहायला जड जाते.

त्यानंतर इथल्याच वेदनाशमनाच्या डॉक्टरांकडे गेलो. मॉर्फिन म्हणजे शेवट, असा माझा गैरसमज होता. गोळ्या वेळेवर सुरू झाल्यावर, आणि त्यांबरोबर बद्धकोष्ठतेचे औषध पहिल्या दिवसापासून दिल्यावर, ती रात्री सलग झोपू लागली. तेव्हा कळले, की आधीचे तीन महिने ती झोपल्याचे नाटक करत होती. संध्याकाळी रंकाळ्यावर नेले तर रिक्षातून उतरत नसे, पण भेळ मात्र मागत असे.

गडहिंग्लज

पहिला अनुभव वाचून आज ब्लॉक आणि स्लाइड्स ताब्यात घेतल्या. मंगळवारी रात्री निघत आहोत. यजमानांनाही काय विचारायचे आहे ते विचारले. अजून तरी "तूच विचार की" एवढेच म्हणतात. वहीतले एक पान त्यांच्यासाठी कोरे ठेवले आहे.