वाग्यूसारखी चरबीची जाळी आपल्या बोकडात का नाही?

शेळीवाला_सोलापूर: काल विजापूर वेशीत मटण घेतलं, गुर्द्याभोवती मूठभर पांढरी चरबी पण मांसात एक रेघ नाही. जपानी वाग्यू जातीच्या गुरांच्या मांसात संगमरवरासारखी जाळी असते ती कशी काय पडते? बोकडांच्या खुराकात मका वाढवू का

गोठ्यातला_डॉक्टर: नुसत्या मक्यानं नाही होत भाऊ. चरबी आधी पोटात, मग कातडीखाली, मांसाच्या धाग्यांत सगळ्यात शेवटी. आणि तिथल्या चरबीच्या नव्या पेशी बहुतेक वासरू लहान असताना, साधारण २५० दिवसांपर्यंतच बनतात, पुढं खुराकानं त्या फुगतात फक्त. मक्यातल्या स्टार्चचं पोटात प्रोपिओनेट नावाचं आम्ल बनतं, लिव्हरमधे त्याचं ग्लुकोज, ते या पेशींना जास्त लागतं. पण मुळात जातच तशी पायजे.

कडबाकुट्टी: खच्ची केलं की जाळी वाढते हे पण आहे. बाकी आमच्या उस्मानाबादी शेळीला कितीबी चारा, सगळं गुर्द्यावरच 😄

शेळीवाला_सोलापूर: मग राहूदे, मका कोंबड्यांना टाकतो