लाँग रन आणि बिअरची वही : सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-५०३ :
रविवारचा लाँग रन नेहमीसारखा. पहाटे ५ ला गेटपाशी, १८ किमी, पेस निवांत. शेजारी पळणाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत नसेल तर तुम्ही जोरात पळताय, एवढं एकच मोजमाप. ज्यांना १० च करायचेत त्यांनी ५ वरून मागे फिरा.
बिअर चाखायची बैठक गुरुवारी. या वेळी स्टाउट आणि पोर्टर, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या गडद बिअर. रविवारी का नाही असं दर वेळी कुणीतरी विचारतं, म्हणून आधीच सांगतो, रविवारी नाहीच.

ए-२०४ :
दादा, पण रविवारी का नाही?

बी-७०२ वहिनी :
घ्या. विचारलंच.

सी-१०२ काका :
मला तर गुरुवारचंही कळत नाही. सकाळी घाम गाळून कमवायचं आणि संध्याकाळी पेल्यात बुडवायचं. हा कसला हिशेब?

ए-५०३ :
काका, दोन्ही एकत्र केलं तर हिशेब बिघडतो, म्हणूनच वार वेगळे ठेवलेत. सविस्तर लिहितो, वेळ असेल तर वाचा.
चाखणाऱ्यांमध्ये एक चाचणी असते. तीन पेले मांडायचे. दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात वेगळी. खूण पेल्याच्या बुडाला, ओतणारा माणूस दुसरा. वेगळा पेला कोणता ते सांगायचं. नुसतं ठोकून दिलं तरी तिनात एकदा बरोबर येतंच, म्हणून ही चाचणी पुन्हा पुन्हा करावी लागते. विश्रांतीच्या दिवशी मी बहुतेक वेळा ओळखतो. लाँग रननंतर तोंड कोरडं पडलेलं असतं आणि अंगावर मीठ सुकलेलं, तेव्हा माझं ओळखणं आणि फासे टाकणं यात काही फरक राहत नाही. त्यातही गंमत अशी की तिन्ही पेल्यांना मी वहीत भरभरून गुण दिलेले असतात! तहानलेला माणूस परीक्षक म्हणून कामाचा नाही. त्याला थंड आणि फसफसणारं काहीही अमृतच लागतं.

बी-४०१ डॉक्टर ताई :
बरोबर आहे. शिवाय आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वासाचा असतो. जिभेला खारट, गोड, आंबट, कडू अशा मोजक्याच गोष्टी कळतात. बाकीचं सगळं, म्हणजे कॉफी, संत्र्याची साल, भाजलेलं धान्य, हे घशाच्या मागून नाकात गेलेल्या वाफेवरून कळतं. सर्दी झाल्यावर काहीच चवीला लागत नाही ते त्यामुळेच.

ए-२०४ :
वहीत गुण कसे देता? १० पैकी?

ए-५०३ :
५० पैकी. बिअर परीक्षकांची बीजेसीपी नावाची संस्था १९८५ पासून आहे, त्यांचा तक्ता वापरतो. वास १२, रूप ३, चव २०, तोंडात कशी लागते त्याचे ५, एकूण मत १०. रूपाला तीनच गुण आहेत, पेल्याचे फोटो टाकणाऱ्यांनी नोंद घ्यावी.
तरी सुरुवात पेल्यापासूनच होते. ओतल्यावर आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसले तर समजायचं पेला नीट धुतलेला नाही, तेलकटपणा राहिलाय. स्वच्छ पेल्यात बुडबुडे तळातून सुटून सरळ वर जातात आणि प्रत्येक घोटागणिक फेसाची एक कडी काचेवर मागे राहते. शेवटी त्या कड्या मोजून सांगता येतं की माणसाने किती घोटांत संपवली.
मग वास. एकदम खोल श्वास नाही, दोन-तीन छोटे हुंगे. स्टाउट फ्रीजमधून काढल्या काढल्या मुकी असते, थंडीत वास दबतो. १० ते १३ अंशांपर्यंत येऊ दिली की बोलायला लागते, म्हणून मी पेला तळहातात धरून बसतो. घरचे म्हणतात, हा पितोय की उबवतोय.

सेक्रेटरी (अ‍ॅडमिन) :
सूचना : शनिवारी टाकी सफाईमुळे सकाळी ११ ते २ पाणी बंद राहील. सर्वांनी साठा करून ठेवावा.

ए-२०४ :
सर, ऐन बिअरच्या चर्चेत पाणी बंदची सूचना? आम्ही हा पाठिंबा समजायचा का?

सेक्रेटरी (अ‍ॅडमिन) :
सूचनेवर विनोद नको. आणि या ग्रुपवर फक्त सोसायटीचे विषय घ्यावेत ही विनंती.

सी-१०२ काका :
अहो, राहू द्या. मी वाचतोय.

बी-७०२ वहिनी :
मी पीत नाही, पळते फक्त. पण एक विचारायचं होतं. गेल्या बैठकीला मी नुसता वास घेतला तेव्हा हिरव्या बाटलीतल्या बिअरला कसला उग्र, जनावरासारखा वास येत होता? तुम्ही सगळे मान डोलावत होतात, म्हणून मी गप्प बसले.

ए-५०३ :
वहिनी, बैठकीत सर्वांत चांगलं नाक तुमचंच निघालं. ती उन्हाने बिघडलेली बिअर होती.

सी-१०२ काका :
याचं रसायनशास्त्र मी सांगतो, ३० वर्षं तेच शिकवलंय. हॉप्स या वेलीच्या फुलांमधून जो कडवटपणा येतो तो आयसोह्युम्युलोन या संयुगांचा. बिअरमध्ये रायबोफ्लेविन असतं, तेच आपलं ब २ जीवनसत्त्व. प्रकाश पडला की रायबोफ्लेविन ती ऊर्जा शोषून घेतं आणि आयसोह्युम्युलोनचा तुकडा पडतो. तो गंधकाशी जुळला की थायॉल नावाचं उग्र वासाचं संयुग तयार होतं. नाकाला हे इतक्या कमी प्रमाणात कळतं की आश्चर्य वाटावं. स्कंक नावाचा प्राणी जो फवारा मारतो त्यातही याच कुळातली संयुगं. तपकिरी काच तो प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी आणि पांढरी फारसा अडवत नाही. एवढा साधा उपाय असताना लोक हिरव्या बाटल्या का वापरतात, हे मात्र रसायनशास्त्रात बसत नाही.

ए-५०३ :
काका!! तुम्ही आजवर होतात कुठे?

सी-१०२ काका :
तळमजल्यावर. कुणी विचारलं नाही.

ए-२०४ :
लोण्यासारखा वास येतो तो कशाचा काका?

सी-१०२ काका :
डायअसिटिल. आंबवताना यीस्ट एक संयुग बाहेर टाकतं, त्यापासून डायअसिटिल होतं, आणि मुदत दिली तर तेच यीस्ट डायअसिटिल परत आत घेऊन संपवतं. घाई करून बिअर यीस्टवरून काढली की लोणी उरतं. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर ऑक्सिजन शिरलाय किंवा माल जुना झालाय. उकडलेल्या मक्यासारखा आला तर डायमिथाइल सल्फाइड, ते माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून येतं, वर्ट (आंबवण्याआधीचा गोड काढा) नीट उकळलं नाही की राहतं. यीस्टचं तर वेगळंच. १५१६ च्या बव्हेरियातल्या शुद्धतेच्या नियमात पाणी, जव आणि हॉप्स एवढंच लिहिलंय. यीस्टचा उल्लेखच नाही, कारण ते काय आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवायला १८८३ साल उजाडलं. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत हान्सेनने ते केलं.

ए-२०४ :
दादा, मला एक शंका आहे. बिअरमध्ये कार्ब्स असतात ना? मग मोठ्या रेसच्या आदल्या रात्री बिअर म्हणजे कार्ब लोडिंगच की, रेसआधी इंधन भरून ठेवणं.

बी-४०१ डॉक्टर ताई :
नाही रे बाबा. ३३० मिली, ५ टक्क्यांची बिअर घेतलीस तर तिच्यात अल्कोहोल साधारण १३ ग्रॅम आणि कार्ब्सही त्याच्याच आसपास. पण अल्कोहोलच्या एका ग्रॅमला ७ कॅलरी, कार्ब्सच्या ग्रॅमला ४. म्हणजे कॅलरी जास्त अल्कोहोलच्या, आणि स्नायूंना ते ग्लायकोजेन, म्हणजे साठवणीची साखर, म्हणून साठवता येत नाही. यकृत बाकीची कामं बाजूला ठेवून आधी ते निस्तरत बसतं. मॅरेथॉनमध्ये ३० किमीच्या पुढे वॉल लागते, म्हणजे अंगातली ताकद एकदम संपते, ती ग्लायकोजेन संपल्यामुळे. त्याची भरपाई बिअर करत नाही. वर झोप तुटक लागते, रात्रीची नाडी चढी राहते आणि लघवी जास्त होते, कारण शरीरात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक अल्कोहोलने दबतं. सकाळी सुरुवातीच्या रेषेवर तू आधीच कोरडा पडलेला असणार.

ए-२०४ :
आणि पळून झाल्यावर? रिकव्हरीला?

बी-४०१ डॉक्टर ताई :
२०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जोरदार व्यायामानंतर प्रथिनं दिली, पण सोबत भरपूर अल्कोहोलही दिलं, तर स्नायूंची बांधणी नुसत्या प्रथिनांच्या तुलनेत २४ टक्क्यांनी कमी झाली. डोस मोठा होता, वजनाच्या किलोमागे १.५ ग्रॅम. एका पेल्याला तो आकडा लावू नकोस. पण बिअर हे रिकव्हरी ड्रिंक आहे असं कुणी म्हणालं तर मान हलवू नकोस. पळून आल्यावर आधी पाणी, थोडं मीठ, खाणं. नंतर वाटलं तर एक.
बिनअल्कोहोलच्या बिअरची गोष्ट वेगळी. म्युनिक मॅरेथॉनच्या धावपटूंवर एक अभ्यास झाला होता. रेसच्या ३ आठवडे आधीपासून २ आठवडे नंतरपर्यंत रोज १ ते १.५ लिटर दिली. ज्यांनी ती घेतली त्यांना रेसनंतर सर्दी-खोकला कमी झाला. बिअर एका ब्रुअरीनेच पुरवली होती, तेवढं लक्षात ठेवून वाचायचं.

बी-७०२ वहिनी :
म्हणजे मी येऊ शकते गुरुवारी! बिनअल्कोहोलच्या ठेवा दोन.

ए-५०३ :
नक्की वहिनी. त्यांनाही गुण देऊ. डॉक्टर ताई, तुमच्या समाधानासाठी सांगतो, बैठकीत एका वेळी १०० मिलीच ओततो, चारच नमुने. म्हणजे ४०० मिली सगळी मिळून. त्यात एखादी १० टक्क्यांची इम्पिरियल स्टाउट असली तर तिचे ५० च. दोन-तीन घोटांत काय लिहायचं ते लिहून होतं, उरलेली सिंकमध्ये. वाइनवाले थुंकतात तसं आमच्यात सहसा चालत नाही, कारण हॉप्सचा कडवटपणा गिळल्यावर मागून येतो आणि तो किती वेळ रेंगाळतो हेही लिहायचं असतं.

सी-१०२ काका :
सिंकमध्ये? ही नासाडी आमच्याने बघवणार नाही.

ए-२०४ :
दादा, बीअर माइल करूया का एकदा? प्लीज.

ए-५०३ :
नाही.
का ते सांगतो. नियम असे : ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या आणि प्रत्येक फेरीआधी ३५५ मिलीची, निदान ५ टक्क्यांची एक पूर्ण बिअर. उलटी झाली तर शेवटी एक फेरी जास्त. २०१४ मध्ये ५ मिनिटांच्या आत पहिल्यांदा कुणीतरी हे संपवलं. खेळ म्हणून अफाट आहे, मान्य. पण त्यात बिअर चाखलीही जात नाही आणि पळणंही धड होत नाही. मला ज्या दोन गोष्टी आवडतात त्या दोन्हींची वाट लावणारा एकच प्रकार शोधायचा झाला तर तो हाच.
त्यापेक्षा हॅश हाउस हॅरियर्सची पद्धत मला पटते. १९३८ मध्ये क्वालालंपूरला सुरू झालेला क्लब. एक जण ससा होऊन आधी पळतो आणि पिठाच्या किंवा कागदाच्या खुणा टाकत जातो, मध्येच मुद्दाम चुकीची वाट आखतो. बाकीचे शिकारी कुत्रे. पुढचे जोरात पळणारे चुकीच्या वाटेवर जाऊन परत येतात तोवर मागचे हळूहळू येऊन मिळतात, त्यामुळे वेगवान आणि संथ सगळे जवळपास एकत्रच पोहोचतात. बिअर शेवटी, आणि घड्याळ लावून वेळ मोजायचीच नाही. १९५० मध्ये क्लबची नोंदणी करताना उद्देश लिहिले, त्यात शनिवार-रविवारचा हँगओव्हर घालवणं आहे, चांगली तहान कमावून ती बिअरने भागवणं आहे, आणि शेवटचा उद्देश काय तर वयस्क सभासदांना पटवून देणं की त्यांना वाटतं तेवढे ते म्हातारे झालेले नाहीत.

सी-१०२ काका :
हा शेवटचा मुद्दा कुणाला उद्देशून आहे ते कळलं.

बी-७०२ वहिनी :
काका, ससा तुम्हीच व्हा. चालत गेलात तरी चालतं, अर्धा तास आधी निघायचं.

सी-१०२ काका :
पीठ टाकत जायचं असेल तर विचार करतो. पण पळताना दारू हा प्रकार जुनाच आहे बरं का. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या हिक्सला वाटेत त्याच्या माणसांनी पाणी सोडून स्ट्रिक्निन, अंड्याचा पांढरा भाग आणि ब्रँडी पाजली होती. स्ट्रिक्निन म्हणजे उंदराचं विष. तो जिंकला, पण त्याला धरून उभं करावं लागलं.

बी-४०१ डॉक्टर ताई :
आणि आज तसं केलं तर पदक परत घेतील, पेशंट आमच्याकडे पाठवतील.

सेक्रेटरी (अ‍ॅडमिन) :
हा विषय स्वतंत्र ग्रुपवर हलवावा.
(मलाही त्यात घ्यावे.)

ए-५०३ :
ग्रुप करतो. गुरुवारची तीन पेल्यांची चाचणी मात्र पक्की. ओतायला माणूस हवाय, न पिणारा.

सी-१०२ काका :
मी ओततो. मोजून, १०० म्हणजे १००. सिलिंडर घेऊन येईन.

ए-५०३ :
एक अट आहे काका. ओतणाऱ्याने चाखणाऱ्यांसमोर बसायचं नाही. कोणता पेला वेगळा ते चेहऱ्यावरून कळतं.

बी-७०२ वहिनी :
मग काकांना स्वयंपाकघरातच बसवा आणि दारही लावा. मीटिंगमध्ये मेंटेनन्स वाढणार हे आम्हाला दर वेळी त्यांच्या भुवयांवरूनच कळतं.